डोळे मिटून निवडलेलं व्हिनाइल

मी बूट घालून बोटीवर चढलो, तिथूनच सगळ्याला सुरुवात झाली.

बूट नवे होते. पांढरे, तळाला रबराची जाड नक्षी असलेले, दुकानदाराने "पाण्यावरसुद्धा पकड सोडणार नाहीत" असं सांगून माझ्या गळ्यात मारलेले. मेहुण्याने बोट बांधायला काढलीय, तिच्या डेकवर फ्लोअरिंग कुठलं घालायचं ते ठरवायला मला बोलावलंय, तर आपल्याकडे निदान बुटांची तरी तयारी हवी, असा माझा विचार. एका हातात मोजपट्टी, दुसऱ्या हातात वही, कानामागे पेन्सिल. खाडीकाठी जमलेल्या सासरच्या मंडळींसमोर मी फळीवरून दोन ढांगांत वर चढलो, उघड्या प्लायवर मधोमध उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात विचारलं, "लांबी किती धरायची?"

मेहुणा डोकं खाजवायला लागला. बायकोने कपाळाला हात लावला. काठावर चिंचेखाली खाट टाकून सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी मला आधी पायापासून डोक्यापर्यंत आणि मग डोक्यापासून पायापर्यंत नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "जावय, देवघरात पन बूट घालूनच जाता का?"

खाडीवर बोटीत कुणी पायताण घालून चढत नाही. होडी असो, मचवा असो, नवी असो की कुजकी, चपला काठावर राहतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. बावीस वर्षं जावई आहे मी त्या घरचा. पण ही बोट मुळी बोटीसारखी दिसतच नव्हती. दोन लांबलचक फायबरच्या नळ्या, त्यांवर लोखंडी सांगाडा, सांगाड्यावर सपाट प्लाय. पाँटून बोट म्हणतात हिला. सासूबाई तिला 'तरंगता ओटा' म्हणत. ओट्यावर बूट घातले तर काय बिघडलं, असं माझ्या मनात कुठेतरी असणार.

मी एका पायावर उभा राहून घाईघाईने बूट काढायला गेलो आणि हातातली मोजपट्टी पाण्यात पडली. डुबुक असा आवाज आला.

"ऱ्हाऊ दे," सासूबाई म्हणाल्या, "खाडी किती खोल हाय ते तरी कळंल."

ह्या कामाला मलाच का बोलावलं, ते सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी फुलपाड्याच्या आमच्या फ्लॅटमधल्या हॉलच्या फरशीवर मी स्वतःच्या हातांनी व्हिनाइलचं प्लॅस्टिक चिकटवून बसवलं होतं. आठवडाभर फोनवर व्हिडिओ बघून, ऑफिसातून रजा टाकून. तेव्हापासून कुठल्याही लग्नात, बारशात, साखरपुड्यात जमिनीचा विषय निघाला की मी तो सोडत नसे, आणि निघाला नाही तर काढत असे. सासरी माझी ख्याती झाली की ह्यातलं भावजींना कळतं.

एक गोष्ट मात्र मी कुठे सांगितली नव्हती. हॉलच्या मधोमध त्या व्हिनाइलला एक फुगा आलाय. मोठ्या पुरणपोळीएवढा. पाय दिला की खाली बसतो, पाय उचलला की पुन्हा वर येतो. त्यावर आम्ही सोफा ठेवलाय. त्यामुळे सोफा ना भिंतीला लागलेला, ना खिडकीला, आणि टीव्ही बघायला मान तिरपी करावी लागते. पाहुण्यांनी विचारलं तर बायको सांगते, "इथे वारा छान लागतो." तिथे वारा लागत नाही. पण मी चारचौघांत जरा जास्तच रंगात आलो, की ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणते, "सोफा हलवू का?" आणि मी पाणी पितो.

ह्या वेळी मात्र प्रकरण गमतीचं नव्हतं. सासूबाईंचं माहेर खाडीपलीकडे. काठावर उभं राहिलं तर तिथली ताडाची झाडं मोजता येतात इतकं जवळ, आणि रस्त्याने जायचं तर अर्धा दिवस मोडतो इतकं लांब. गाडीत त्यांना मळमळतं. लग्नापासून त्या होडीनेच जात-येत आल्या. दोन वर्षांपूर्वी परत येताना होडीच्या ओल्या फळीवरून त्यांचा पाय सरकला. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हातात काठी आली. त्यानंतर त्या होडीत बसल्या नाहीत. इतकंच काय, आमच्याकडेही राहायला आल्या नाहीत. "तुमची जमीन आरशासारखी हाय, बघायला बरी," म्हणायच्या.

पलीकडे त्यांची थोरली बहीण. ती तर आता घराबाहेरही फारशी पडत नाही. दोघी फोनवर एकमेकींचे चेहरे बघत बोलतात, आणि इतक्या मोठ्याने बोलतात की मेहुणा म्हणतो फोन बंद केला तरी ऐकू जाईल. मेहुण्याने बोट बांधायला काढली ती कळंबच्या बाजूला सुट्टीला येणाऱ्या लोकांना खाडी दाखवून आणायला. पण होडी न बांधता ही न डुलणारी, सपाट बोट बांधली ती आईसाठी. सासूबाईंनी पुष्कळ आढेवेढे घेतले आणि शेवटी म्हणाल्या, "एकदा चढंन. पाय सरकला तर मंग परत नाव काढायचं नाय. तुमीही नाय आनि मीही नाय."

म्हणजे एकच संधी. तीही पावसाळ्याच्या आधी. आणि ती संधी त्यांच्या तळपायाखाली काय असणार ह्यावर अवलंबून, आणि ते ठरवणार कोण, तर ज्याच्या हॉलमध्ये पुरणपोळीएवढा फुगा आहे तो.

मी आणि बायको माणिकपूरला एका दुकानात गेलो. दुकानदार वयस्कर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलण्याची घाई नसलेले. मी आत शिरल्या शिरल्या कॅटलॉग ओढून घेतला आणि तिसऱ्याच पानावर माझं मन बसलं. गडद सागवानी रंग, लाकडाच्या रेषा, वर काचेसारखी चमक. तशा डेकवर आपण उभे आहोत, वाऱ्याने केस उडताहेत, असं मला दिसायला लागलं. माझे केस उडण्याइतके राहिलेले नाहीत, पण दिसायला काय जातं?

"हॉलसाठी की बेडरूमसाठी?" दुकानदारांनी विचारलं.

"बोटीसाठी."

त्यांनी चष्मा वर सरकवला. "घरातलं व्हिनाइल बोटीवर लावू नका हो साहेब. खाऱ्या पाण्याने आणि उन्हाने चार महिन्यांत पापुद्रे सुटतील. बोटीचं वेगळं येतं. मागवावं लागेल."

"तेच म्हणतोय मी," मी म्हणालो. बायको खोकली.

आठवड्याने नमुने आले. आगपेटीपेक्षा थोडे मोठे असे तुकडे. मी ते हातात घेऊन उजेडात धरले, वाकवले, वासही घेतला. बायको बघत होती. मग दुकानदारांना म्हणाली, "काका, आमची आई ह्या एवढ्याशा तुकड्यावर उभी कशी राहणार? पाऊल मावेल एवढं द्या की."

इतक्या वर्षांत त्यांच्याकडे पावलाच्या मापाचा नमुना कुणी मागितला नसावा. ते हसले आणि म्हणाले, "कोण उभं राहणार आहे?" बायकोने सगळं सांगितलं. हाड, काठी, बहीण, एकच संधी. ते ऐकत राहिले, आणि पुढच्या खेपेला त्यांनी मोठाले चार तुकडे मागवून ठेवले. एक माझं सागवानी. एक निळं, शंकरपाळ्यांच्या नक्षीचं. एक फिकट राखाडी, चटईसारखं विणलेलं. आणि चौथं वाळूच्या रंगाचं, अंगावर तांदळाच्या कण्यांएवढे बारीक उंचवटे असलेलं. ते थेट एस.टी.च्या गाडीतल्या जमिनीसारखं दिसत होतं. मी ते घ्यायला तयार नव्हतो. बायकोने बाकीच्यांना गुंडाळायला म्हणून घेतलं.

परीक्षा शास्त्रशुद्ध व्हावी म्हणून मी इमारतीची गच्ची निवडली. एप्रिलची दुपार, एकचा सुमार. चारही तुकडे ओळीने मांडले. खाडीचं पाणी म्हणून बादलीत मीठ कालवलं. अर्धा किलोचा पुडा संपला, त्यावरून खाली स्वयंपाकघरात काय झालं ते इथे लिहीत नाही. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी अनवाणी तयार झालो.

गच्चीच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावरच्या काकू साबुदाण्याच्या पापड्या घालत होत्या. त्यांनी आधी काणाडोळा केला.

सागवानीवर मी पहिलं पाऊल ठेवलं. दुसरं ठेवायची वेळ आली नाही. पहिलं इतक्या वेगाने परत आलं की मी बादलीत उतरलो. तापलेला तवा आणि ते व्हिनाइल ह्यांत फरक एवढाच की तव्यावर कुणी उभं राहा म्हणत नाही. थोडा थंड होऊन मी पुन्हा प्रयत्न केला. पाणी ओतून. तर चटका कमी झाला आणि पाय सरकायला लागला. मी दोन्ही हात पसरून, कंबर हलवून तोल सावरला.

"अहो, काय चाललंय?" काकूंना राहवेना. "नवस फेडताय का?"

मी बोटीचं सांगितलं. काकू उठून आल्या, सागवानीला हात लावून बघितला, आणि काही न विचारता आपल्या उरलेल्या पापड्या त्यावर घालायला लागल्या. "ह्याच्यावर तासाभरात वाळतील. तुमची परीक्षा झाली ना ह्याची? मग हा राहू दे माझ्याकडे."

माझी आवडती चीज अशी पापड्यांखाली गेली. निळ्याचंही तेच झालं, चटका जरा कमी, घसरण तेवढीच. राखाडी चटईवाल्यावर मात्र पाय ठेवला आणि मी मोठ्याने "आहाहा" म्हणालो. गरम नाही, ओलं केलं तरी पकड सुटत नाही, दिसायलाही देखणं. वाळूच्या रंगाच्या चौथ्यावर मी एकदा उगाच पाय टेकवून काढला. एस.टी.च्या जमिनीची काय परीक्षा घ्यायची?

संध्याकाळी मी मेहुण्याला फोन करून निकाल जाहीर केला. "राखाडी. डोळे मिटून घे."

"डोळे आईला मिटू दे, भावजी," तो म्हणाला. "रविवारी घेऊन या."

रविवारी मी अनवाणीच उतरलो. रिक्षातून उतरल्यापासून. बायको म्हणाली चपला बोटीजवळ काढायच्या असतात, तिठ्यावर नाही. पण एकदा हात पोळल्यावर माणूस जपतो.

खाटेसमोर मी तीन तुकडे अंथरले. राखाडी मधोमध, मानाच्या जागी. सासूबाईंना गच्चीवरचं सगळं सांगितलं, मिठाचं पाणी धरून. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "चिखल कुठंय?"

"चिखल?"

"बोटीत मानूस कुठनं चढतं? आभाळातनं?" त्या मुलाकडे वळल्या. "जा रे, घमेलंभर चिखल आन."

मी मिठाचा अर्धा किलो पुडा संपवला होता, पण खाडीत पाण्याहून जास्त काय असतं ते विसरलो होतो. खाडीचा चिखल साधा नसतो. काळा, लोण्यासारखा मऊ आणि पायाला चिकटला की कुटुंबातला होऊन राहणारा. मेहुण्याने घमेलं आणलं. सासूबाईंनी स्वतः वाकून तिन्ही तुकड्यांवर चिखल सारवला, अगदी अंगण सारवतात तसा, बोटांची अर्धवर्तुळं काढत. आणि म्हणाल्या, "जेवून घ्या. वाळू दे."

आम्ही जेवलो. मांदेलीचा रस्सा होता, तांदळाची भाकरी होती, मी तीन खाल्ल्या. निकालाची मला धास्ती नव्हती.

जेवून आलो तोवर चिखल वाळून पांढरा पडला होता. सासूबाईंनी प्रत्येक तुकड्यावर एकेक तांब्या पाणी ओतलं आणि हाताने एकदा पुसलं. निळं लख्ख झालं. वाळूवालं लख्ख झालं. माझं राखाडी मात्र विणीच्या एकेका फटीत काळं धरून बसलं. मी आणखी एक तांब्या ओतला. मग आणखी एक. मग मेहुण्याच्या हातातला ब्रश घेतला.

"घासा, घासा," सासूबाई म्हणाल्या. "रोज येनार ना घासायला? पावसाळ्यात ह्याच विणीत शेवाळ धरंल. मंग मी कशावर पडंन?"

मी ब्रश खाली ठेवला.

मग त्या उठल्या. काठी मुलीच्या हातात दिली, चपला काढल्या. मेहुण्याला म्हणाल्या, "वल्लं कर." ओल्या निळ्यावर त्यांनी एक पाऊल टेकवलं आणि लगेच उचललं. वाळूवाल्यावर टेकवलं. आणि डोळे मिटले. तळवा हळूहळू मागेपुढे घासला. टाच दाबली. मग दुसरा पाय, ऑपरेशनचा, तोही वर घेतला. बायकोने हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. नुसत्या उभ्या राहिल्या, डोळे मिटून.

"खळं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"भाताचं खळं. सारवून वाळवलं का असंच लागायचं पायाला. धरून ठेवायचं." डोळे उघडून त्यांनी खाली बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "रंग कसला हो हा? एस्टीसारखा."

"मीही तेच म्हणत होतो!" मी म्हणालो. बावीस वर्षांत आमचं एकमत झाल्याचा तो बहुधा पहिला प्रसंग.

"पन हेच घ्या."

लावायच्या दिवशी बोट काठावर ओढून घेतली होती. मेहुण्याने गावातल्या सुतारकाम करणाऱ्या मित्राला बोलावलं होतं. मला पहिल्यापासूनच बाजूला बसवण्याचा बेत दिसला, कारण माझ्यासाठी खुर्ची आणि शहाळं आधीच तयार होतं. मी शहाळं प्यायलो. चिकटवायच्या सोल्युशनचा डबा उघडला, उग्र वास सुटला. मेहुण्याने सकाळीच प्लाय धुऊन काढला होता आणि मित्र आता चारी कडांनी शीट चिकटवत मधे येणार होता.

मला खुर्चीवर बसवेना. एरवी माणसाला आपली फजिती लपवता येते. पण डोळ्यांसमोर दुसरा तीच करायला निघाला असेल आणि तिच्यावरून ऑपरेशन झालेला पाय चालणार असेल, तर काय करायचं? मी बायकोकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं.

"थांबा," मी म्हणालो. "प्लाय ओला आहे."

"वरून सुकलाय, भावजी."

"वरून माझीही फरशी सुकली होती." आणि मग मी सगळं सांगून टाकलं. ऐन पावसाळ्यात घाई करून ओलसर फरशीवर कसं चिकटवलं, कडांकडून मधे कसा आलो, आत अडकलेली हवा आणि ओल कशी मधोमध जमली, पुरणपोळी, सोफा, नसलेला वारा. एकदा तोंड उघडल्यावर थांबता येईना. सोफा किती कोनात तिरपा आहे तेही हाताने दाखवलं.

मेहुणा आधी ओठ दाबून उभा होता. मग मित्राने तोंड फिरवलं, मग मेहुणा खाली बसला आणि पोट धरून हसायला लागला. सासूबाईंनी मात्र लेकीकडे बघितलं. "चार वर्सं?"

"चार वर्षं," बायको म्हणाली.

"आनि तू इथं येऊन सांगत होतीस, ह्यांच्यासारखी जमीन कोनाला जमत नाय?"

बायकोने पदर सारखा केला आणि खाडीकडे बघायला लागली. ती इथे माझी अशी स्तुती करत होती हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. घरी सोफ्याची धमकी आणि माहेरी माझी कीर्ती! मी रिकामं शहाळं पुन्हा तोंडाला लावलं.

काम दोन दिवस थांबलं. प्लाय कडकडीत वाळू दिला. शीटसुद्धा उन्हात पसरून ठेवली, म्हणजे तिची गुंडाळीची सवय मोडते. तिसऱ्या दिवशी मधून सुरुवात केली, मधून कडांकडे, रोलर दाबत, हवा बाहेर ढकलत. रोलर माझ्या हातात दिला गेला. गुडघे दोन दिवस वाकत नव्हते, पण फुगा एकही आला नाही. मी तळहाताने इंच इंच चाचपून बघितलं. नंतर बायकोने चाचपलं. तिचा माझ्यावर विश्वास आहे, पण माझ्या चाचपण्यावर नाही.

आणि मग ती सकाळ आली. पाणी चढत होतं. मेहुण्याने बोटीच्या पुढच्या अंगाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, सगळ्यांच्या हातांवर खोबरं ठेवलं. काठावर चपलांची रांग लागली. मी माझे पांढरे बूट काढून अगदी टोकाला, नीट जोडून ठेवले. ह्या वेळी सगळ्यांच्या आधी मी अनवाणी होतो, आणि ते सगळ्यांना दिसावं म्हणून जरा पुढेच उभा होतो.

सासूबाई नव्या इरकलीत आल्या. फळीपाशी थांबल्या. डेककडे बघितलं. कोरडं ठणठणीत होतं.

"वल्लं करा आधी."

"आई, कशाला उगाच?" मेहुण्याचा आवाज बारीक झाला.

"परतताना वल्लंच असनार ना? मंग आत्ताच बघू."

त्याने बादलीभर खाडीचं पाणी ओतलं. सगळा डेक चकाकला. सासूबाईंनी एका हाताने कठडा धरला, फळीवरून आल्या, आणि ओल्या व्हिनाइलवर उजवं पाऊल ठेवलं. मग डावं. मग कठडा सोडला. काठी फळीवरच राहिली होती, त्यांच्याही लक्षात आलं नाही. चार पावलं चालल्या. पुढच्या टोकाशी जाऊन वळल्या आणि आमच्याकडे बघून म्हणाल्या, "काय बघत उभे ऱ्हायलात? चढा ना."

खाडी तशी मी अनेकदा ओलांडली आहे, पण त्या दिवशी ती आणखी रुंद असायला हवी होती असं वाटत होतं. पाणी चढलेलं, दोन्ही काठांवरची तिवरं अर्ध्या खोडापर्यंत बुडालेली, बगळे शेंड्यावर. बोट कुठे डुलत नव्हती. सासूबाई खुर्चीवर बसल्याच नाहीत. खाली व्हिनाइलवर पाय पसरून बसल्या आणि तळहात सारखा जमिनीवर फिरवत राहिल्या.

पलीकडे धक्क्यावर थोरली बहीण खुर्चीत बसून होती. दोन वर्षांत घरातून क्वचितच निघालेली बाई पहाटेपासून येऊन बसली होती म्हणे. बोट लागली, तशा दोघी एकमेकींना हाका मारायला लागल्या, चार हातांवरून, फोनवर मारायच्या तेवढ्याच मोठ्याने. तिला दोघांनी धरून बोटीवर आणलं. दोघी पाय पसरून शेजारी बसल्या, डबे उघडले, उकडलेले शेंगदाणे निघाले, आणि दोन वर्षांची उसनवारी फेडत असल्यासारख्या दोघी एकाच वेळी बोलत सुटल्या. कोण ऐकत होतं देव जाणे. मधेच थोरलीने खाली हात फिरवला. "ही जमीन कोनी निवडली ग?"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "जावयानं."

मी काही म्हणणार होतो. बायकोने माझ्या पायावर पाय ठेवला. मी शेंगदाणे सोलत बसलो.

दुपारी परत आलो तेव्हा काठावर चपलांची रांग जशीच्या तशी होती. फक्त टोकाची जागा रिकामी होती. भरतीचं पाणी तिथवर येऊन गेलं होतं. बाकी सगळ्यांनी आपापल्या चपला त्या पाण्याच्या रेषेच्या वर ठेवल्या होत्या, कारण पाणी कुठवर येतं ते त्यांना जन्मापासून ठाऊक. एक बूट तिवरांच्या मुळांत अडकलेला सापडला. दुसरा नाही.

"पान्यावर पकड सोडत नाय म्हनं," सासूबाई म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की त्यांना चिंचेला धरावं लागलं.

फुलपाड्याला मी अनवाणी उतरलो, हातात एक बूट आणि खांद्यावर उरलेल्या व्हिनाइलची गुंडाळी घेऊन. जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या, माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "फिटला वाटतं नवस." मी हो म्हणालो.

घरात आल्यावर बायकोने हातपाय धुतले, पदर खोचला, सरळ हॉलमध्ये जाऊन सोफ्याच्या एका टोकाला उभी राहिली आणि म्हणाली, "धरा तिकडून. उरलेला तुकडा बरोबर इथे बसतो, मी मापून आलेय. पुढच्या रविवारी आई येतेय राहायला, आणि ती डोळे मिटून चालून बघणार आहे."